तिसऱ्या दिवसाचे इंजेक्शन: डुकराच्या पिल्लाला लोह का कमी पडते?

युरोप-अमेरिकेतल्या बंदिस्त शेडमध्ये जन्मलेल्या डुकराच्या पिल्लाच्या नशिबात एक गोष्ट जवळपास ठरलेली असते. तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी कुणीतरी त्याला उचलतो, कानामागे मानेच्या स्नायूत सुई टोचतो आणि गडद तपकिरी रंगाचे एक-दोन मिलिलिटर औषध आत सोडतो. पिल्लू जीव खाऊन किंचाळते आणि खाली सोडल्यावर थोड्याच वेळात पुन्हा आईच्या सडाला लागते. हे औषध म्हणजे लस नव्हे, प्रतिजैविकही नव्हे. त्यात २०० मिलिग्रॅम लोह असते, बस्स. ते दिले नाही, तर तीन आठवड्यांच्या आत पिल्लू पांढरेफटक पडते, त्याची वाढ खुंटते आणि काही पिल्ले दगावतात.

आईबरोबर वाढणाऱ्या वासराला, करडाला किंवा कोकराला अशी सुई सरसकट टोचावी लागत नाही. माणसाच्या बाळालाही पहिले चार-सहा महिने लोहाची चणचण सहसा भासत नाही. मग डुकरालाच हे दुखणे का? डुक्कर म्हटले की आपल्यातले बरेच जण नाक मुरडतात, हे मला ठाऊक आहे. पण लोहाच्या जमाखर्चाचे याहून सोपे उदाहरण मला तरी माहीत नाही, आणि "हिमोग्लोबिन कमी आहे" हे वाक्य ज्या घरात कुणी ऐकले नाही असे मराठी घर मिळणे कठीण. तेव्हा पाच-दहा मिनिटे नाक सरळ ठेवून वाचा.

जमा किती, खर्च किती

जन्माच्या वेळी पिल्लाचे वजन साधारण दीड किलो असते आणि त्याच्या अंगात एकूण ४० ते ५० मिलिग्रॅम लोह असते. दीड किलोच्या पिल्लात सव्वाशे मिलिलिटरच्या आसपास रक्त असते. दर १०० मिलिलिटरमध्ये १० ग्रॅम हिमोग्लोबिन धरले, तर झाले साडेबारा ग्रॅम. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह असते. गुणाकार केला की उत्तर ४२ च्या आसपास येते. म्हणजे पिल्लू जे लोह घेऊन येते ते जवळजवळ सगळे रक्तातच गुंतलेले असते. यकृतात शिल्लक म्हणावी अशी पुंजी फारशी नसतेच. पगार झाल्या दिवशीच सगळा खर्चून मोकळे होणाऱ्या माणसासारखी ही अवस्था.

आता वाढ बघा. हे पिल्लू आठवड्याभरात वजन दुप्पट करते आणि तीन-चार आठवड्यांनी, दूध तोडण्याच्या वेळी, सहा ते आठ किलोंचे होते. सात किलोंच्या पिल्लाला अर्धा लिटर रक्त हवे. त्या रक्तात हिमोग्लोबिन टिकवायचे, शिवाय वाढत्या स्नायूंना आणि पेशींमधल्या विकरांनाही लोह पुरवायचे, तर रोज सुमारे ७ मिलिग्रॅम लोह लागते. आईच्या दुधातून मिळते जेमतेम १ मिलिग्रॅम. तूट रोजची ६ मिलिग्रॅम. तीन आठवड्यांत ती सव्वाशेच्या वर जाते. २०० मिलिग्रॅमचा डोस कुठून आला, ते इथेच कळते.

माणसाच्या बाळाशी तुलना केली की चित्र आणखी स्पष्ट होते. पूर्ण दिवसांचे बाळ वजनाच्या दर किलोमागे सुमारे ७५ मिलिग्रॅम लोह घेऊन येते. पिल्लू त्याच्या निम्मेही आणत नाही. आईच्या दुधातले लोह दोन्हीकडे कमीच, माणसाच्या दुधात तर आणखी कमी. पण आपले बाळ वजन दुप्पट करायला चार-पाच महिने घेते. सावकाश वाढणाऱ्याला गाठीशी आणलेली शिदोरी पुरते, धावत सुटलेल्याला पुरत नाही. (बाळाची नाळ लगेच न कापता एक-दोन मिनिटे थांबतात, त्यामागचे एक कारण हेच. नाळेतले रक्त बाळाकडे गेले की शिदोरी तेवढी वाढते.)

पिल्लाची शिदोरी मुळातच लहान का, याचे उत्तर डुकरिणीच्या वारेत आहे. माणसाच्या वारेत आईचे रक्त आणि बाळाच्या रक्तवाहिन्या यांच्यामध्ये फार थोडे पडदे असतात. डुकराच्या वारेत आईकडचे आणि पिल्लाकडचे सगळे थर शाबूत राहतात. त्यामुळे आईच्या प्रतिपिंडांनाही पलीकडे जाता येत नाही. ती पिल्लाला चिकातूनच मिळतात. लोहासाठी गर्भाशय एक वेगळे प्रथिन स्रवते, युटेरोफेरिन नावाचे. लोहामुळे त्याला जांभळट रंग येतो. ते पोटातल्या सगळ्या पिल्लांना वाटून द्यायचे असते. रानडुकरिणीला चार ते सहा पिल्ले होतात. निवड करून घडवलेल्या आजच्या जातींमध्ये बारा-चौदा ही सामान्य गोष्ट आहे आणि डेन्मार्कमधल्या कळपांत तर एका वेताला सतरा-अठरा जिवंत पिल्ले ही सरासरी आहे. खाणारी तोंडे वाढली की वाटा लहान होतो, हे सांगायला नकोच.

इथे कुणालाही सहज सुचणारा उपाय म्हणजे गाभण डुकरिणीलाच लोह चारावे. आपल्याकडे गरोदर बाईला गोळ्या देतात तसे. हे बऱ्याच जणांनी करून पाहिले आहे. खाण्यातून दिले, इंजेक्शनने दिले. पण पिल्लांच्या अंगातले लोह वाढते ते अगदी किरकोळ, आणि दुधातले लोहही जागचे फारसे हलत नाही. आईच्या पोटातून पिल्लाकडे जाणारा दरवाजा लहान आहे, बाहेर कितीही माल रचला तरी आत तेवढाच जातो.

पांढरे कान, धापा टाकणारी पोटे

लोह कमी पडलेले पिल्लू पहिल्या आठवड्यात ओळखू येत नाही. उलट ते गुबगुबीत दिसते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कानांचा गुलाबी रंग जातो. उजेडासमोर धरले तर निरोगी पिल्लाच्या कानातल्या शिरा लालसर दिसतात. याचा कान कागदासारखा दिसतो. केस राठ होतात, कातडी सुरकुतते, हगवण लागते. मग श्वासाचा त्रास सुरू होतो. पिल्लू थोडे पळाले तरी बरगड्यांच्या मागे पोट धपधप उडू लागते. इंग्रज शेतकऱ्यांनी या लक्षणाला त्या आवाजावरूनच नाव दिले होते. रक्तात प्राणवायू वाहायला माणसे कमी पडली की हृदय जास्त फेऱ्या मारून भरपाई करू पाहते, आणि त्या कष्टाने ते मोठे होत जाते. मेलेले पिल्लू उघडले तर हृदय फुगलेले, यकृत फिकट आणि रक्त पाण्यासारखे सापडते.

यात शेतकऱ्याला चक्रावणारी गोष्ट अशी, की अचानक मरतात ती बऱ्याचदा वेतातली सगळ्यात धष्टपुष्ट पिल्ले. मरतुकडे पिल्लू तगते आणि ज्याच्याकडे बघून मालक खूश होता ते सकाळी आडवे सापडते. ज्याची वाढ सर्वांत वेगवान त्याचा खर्च सर्वांत मोठा, हा हिशोब माहीत नसेल तर हे कोडे सुटत नाही. म्हणून कितीतरी वर्षे लोक याला संसर्ग समजत, कोंदट हवेचा दोष समजत, अति दूध पिण्याचा परिणाम समजत.

ॲबर्डीन ते केंब्रिज

कोडे सुटायला सुरुवात झाली स्कॉटलंडमध्ये. ॲबर्डीनजवळच्या रोवेट संशोधन संस्थेत (जॉन बॉइड ऑर यांची ही संस्था, त्यांना पुढे १९४९ साली शांततेचे नोबेल मिळाले) मॅकगोवन आणि क्रिक्टन या दोघांनी १९२३ आणि १९२४ साली डुकरांच्या पिल्लांवरचे दोन शोधनिबंध प्रसिद्ध केले. बंदिस्त जागेत ठेवलेल्या पिल्लांचा हा आजार लोहाच्या कमतरतेचा आहे, असे त्यांनी मांडले. त्यांनी डुकरिणीच्या खाण्यात लोहाचा ऑक्साइड भरपूर मिसळला आणि पिल्ले सुधारली. आईला लोह दिले की दुधातून ते पिल्लांना मिळते, असे यावरून कुणालाही वाटेल. पण दुधातले लोह वाढत नाही हे तर आपण वर पाहिले. मग पिल्ले सुधारली कशी? उत्तर जरा ओशाळवाणे आहे. पिल्ले आईच्या खाण्यात तोंड घालतात आणि आईची विष्ठाही खातात. लोह वाढवलेल्या खाद्यातले बहुतेक लोह विष्ठेतूनच बाहेर पडते. पुढे इंग्लंडमध्ये संशोधकांनी हे मोजूनही पाहिले: दूध पिणारी पिल्ले दिवसाला सुमारे २० ग्रॅम विष्ठा खातात. आपल्याला किळस येईल, पण पिल्लाच्या दृष्टीने ती लोहाची गोळीच.

त्याच दशकात अटलांटिकपलीकडे विस्कॉन्सिन विद्यापीठात हार्ट, स्टीनबॉक आणि एल्व्हेजेम यांनी उंदरांवर दाखवले, की हिमोग्लोबिन तयार व्हायला लोहाबरोबर किंचित तांबेही लागते. १९२८ चे हे काम पोषणशास्त्रात गाजले आणि लगेच डुकरांवरही आजमावले गेले. तेव्हापासून शेतकऱ्यांसाठीच्या पाठात हिराकस आणि मोरचूद यांची जोडी आली. दोन्ही पाण्यात विरघळवून, चिकटावे म्हणून काकवीसारखे काहीतरी घालून ब्रशने डुकरिणीच्या कासेला फासायचे. पिल्लू दूध ओढताना थोडे थोडे चाटते. उपाय स्वस्त आणि खरोखर लागू पडणारा. कटकट एवढीच, की तो पुन्हा पुन्हा करावा लागे, आणि कोणत्या पिल्लाने किती चाटले हे कुणालाच कळत नसे.

रोजचे ७ मिलिग्रॅम हा आकडा आला १९४७ साली, केंब्रिजमधून. व्हेन, मॅकॅन्स आणि विडोसन अशी तीन नावे त्या निबंधावर आहेत. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या वाचकांनी शेवटची दोन नावे कदाचित ऐकली असतील. रॉबर्ट मॅकॅन्स आणि एल्सी विडोसन यांनी ब्रिटिश अन्नपदार्थांच्या घटकांची कोष्टके १९४० मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केली. तिच्या सुधारित आवृत्त्या आजही वापरात आहेत. युद्धकाळातल्या रेशनवर माणूस धडधाकट राहू शकतो का, हे तपासायला ही मंडळी स्वतःच त्या रेशनवर जगली आणि लेक डिस्ट्रिक्टचे डोंगर चढून आली. याच जोडीने १९३७ मध्ये आणखी एक मूलभूत गोष्ट दाखवली होती: शरीराला जास्तीचे लोह बाहेर टाकता येत नाही. आतड्यातून किती आत घ्यायचे एवढेच शरीराच्या हातात असते. येण्याचा रस्ता एक, जाण्याचा रस्ता जवळपास नाहीच. ही गोष्ट लक्षात ठेवा. सुई आल्यावर तिचे महत्त्व कळते.

मातीचे ढेकूळ

पण त्याआधी मातीबद्दल. रानडुकराच्या पिल्लांना सहसा हा आजार का होत नाही? त्यांची संख्या कमी असते, वाढ हळू असते, हे खरेच. पण जन्मल्यावर काही दिवसांतच ती नाकाडाने जमीन उकरू लागतात, हेही तितकेच खरे. साध्या मातीत वजनाच्या एक ते पाच टक्के लोह असते. म्हणजे एका ग्रॅम मातीत १० ते ५० मिलिग्रॅम. कोकणातल्या जांभ्याच्या लाल मातीत तर त्याहून जास्त. त्यातले फार थोडे अंगी लागते, बाकीचे तसेच निघून जाते. तरी रोज चार-दोन ग्रॅम माती पोटात गेली की ६ मिलिग्रॅमची तूट भरून निघायला मोठा हातभार लागतो. डुकराच्या उत्क्रांतीने दुधात लोह घालण्याची तोशीस घेतली नाही, कारण ते पायाखालीच होते. पृथ्वी दातांवर तोलून वर आणणारा वराह आपल्या पुराणात आहे. या पिल्लांची तऱ्हा अशी, की त्यांच्या पायाखालून पृथ्वीच काढून घेतली.

कारण विसाव्या शतकात डुकरे आत आली. आधी सिमेंटच्या फरशीवर, मग जाळीदार फरशीवर, जिच्या फटींतून मलमूत्र खाली पडून जाते. यात फायदे खोटे नाहीत. जंत कमी झाले, थंडीने मरणारी पिल्ले वाचली, कामगारांचे कष्ट कमी झाले. पण माती गेली आणि फटींची जमीन आल्यावर आईची विष्ठाही गेली. जितकी स्वच्छता वाढली तितका हा आजार पक्का झाला. जुन्या शेतकऱ्यांचा यावरचा तोडगा सरळ होता: शेतातले गवतासकट उपटलेले मातीचे ढेकूळ रोज पिंजऱ्यात टाकायचे. त्यासाठी डुकरांचा वावर नसलेली जमीन निवडावी लागे, नाहीतर लोहाबरोबर जंतांची अंडीही यायची.

ती भीती काल्पनिक नाही. चेक प्रजासत्ताकात १९९० च्या दशकाच्या अखेरीस पिल्लांना पूरक म्हणून दलदलीतला पीट खाऊ घालण्याची पद्धत रूढ झाली. पिल्ले तो आवडीने खात. मग कत्तलखान्यात डुकरांच्या लसिकाग्रंथींमध्ये क्षयासारख्या गाठी मोठ्या संख्येने सापडू लागल्या. शोध घेतल्यावर त्या पीटमध्ये मायकोबॅक्टेरियम जातीचे जंतू निघाले.

माती खाण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो: आपल्याकडे डोहाळे लागलेल्या बायका भाजकी माती खातात आणि मुले पाटीवरची पेन्सिल चघळतात, त्याचाही संबंध अनेकदा लोहाच्या कमतरतेशी असतो. पण "डुकराला चालते, मग आपल्याला का नाही" असा अर्थ कृपा करून काढू नका. चिकणमाती आतड्यातले लोह धरून ठेवते आणि शोषण कमीच करू शकते. शिवाय जंत आणि शिसे हे पाहुणे असतातच. आपल्यासाठी डॉक्टरांची गोळीच बरी.

साखर कारखान्याची डोकेदुखी, डुकराचे औषध

कासेला फासणे, माती टाकणे, तोंडात पेस्ट घालणे हे सगळे कष्टाचे आणि बेभरवशाचे. एकाच टोचणीत भागेल असे काही हवे होते. अडचण अशी, की साधे लोहक्षार टोचता येत नाहीत. मोकळे लोह रक्तात एकदम आले तर विषासारखे काम करते. त्याला गुंडाळून आत न्यायला हवे, असे की शरीर ते हळूहळू उलगडेल.

ते गुंडाळण सापडले डेक्स्ट्रानमध्ये. हे नाव साखर कारखान्याशी संबंध असलेल्या वाचकांना परके नसेल. ऊस तोडून गाळपाला उशीर झाला, की ल्युकोनोस्टॉक नावाचे जीवाणू त्यातल्या साखरेपासून ग्लुकोजच्या लांब साखळ्या विणतात. रस बुळबुळीत होतो, गाळण तुंबते, साखर उतारा पडतो. ही बुळबुळ म्हणजे डेक्स्ट्रान. १९४० च्या दशकात स्वीडनमध्ये बीटच्या रसातल्या याच उपद्रवाचा अभ्यास करताना त्यापासून रक्तद्रवाला पर्याय तयार करण्याची कल्पना पुढे आली आणि ती यशस्वी झाली. पुढे इंग्लंडमध्ये चेशायरमधल्या बेंजर प्रयोगशाळेत डेक्स्ट्रानच्या आखूड साखळ्यांमध्ये लोहाचा गाभा बांधून ठेवण्यात यश आले. १९५४ मध्ये हे औषध इम्फेरॉन नावाने माणसांसाठी आले आणि १९५५ मध्ये ते डुकरांच्या पिल्लांवर यशस्वी झाल्याचे निबंध ब्रिटिश पशुवैद्यक नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. ब्रिटनमध्ये मांस आणि बेकनवरचे युद्धकालीन रेशनिंग जुलै १९५४ मध्ये उठले होते. डुकरांचे उत्पादन वाढवायचे होते, जागा आत होती, आणि आत ठेवण्यातला मोठा अडथळा एका सुईने दूर झाला. आजचे प्रचंड बंदिस्त वराहपालन उभे राहण्यात खाद्य, लसी आणि विजेचे पंखे यांचा वाटा सगळे मानतात. माझ्या मते या तपकिरी बाटलीचा वाटा त्यांच्याच रांगेत धरायला हवा.

टोचलेले औषध स्नायूत साठते, तिथून लसिकावाहिन्यांमधून यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशींपर्यंत जाते. त्या पेशी साखरेचे वेष्टन सोडवतात आणि लोह मोजून मापून रक्तातल्या वाहक प्रथिनाच्या हवाली करतात. टोचायची जागा पूर्वी मांडी असे. पण तिथे तपकिरी डाग राहतो आणि मांडीचे हॅम विकायचे असते, म्हणून आता मान.

जास्त झाले तर

इथे मॅकॅन्स-विडोसन यांचा तो निष्कर्ष आठवा. शरीराच्या हातात फक्त आतड्याचा दरवाजा असतो. सुई तो दरवाजा टाळून भिंतीवरून आत जाते, आणि आत गेलेले बाहेर काढता येत नाही. स्वीडिश संशोधकांनी १९६२ मध्ये दाखवले, की ई जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्या पिल्लांना एरवी निर्धोक असलेला लोहाचा डोस सोसत नाही. लोह पेशींच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थांचे ऑक्सिडीकरण घडवते. ई जीवनसत्त्व ते थोपवते. ते नसेल तर स्नायू खराब होतात आणि पिल्लू टोचल्यानंतर काही तासांतच मरू शकते. म्हणून डुकरिणीच्या खाद्यात ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम पुरेसे असणे ही या सुईची पूर्वअट आहे.

दुसरा धोका जंतूंचा. बहुतेक रोगजंतूंना लोह हवेच असते. दुधात लॅक्टोफेरिन नावाचे प्रथिन असते, ते आतड्यातले मोकळे लोह पकडून जंतूंना उपाशी ठेवते. दुधात लोह कमी असण्यामागे हा शहाणपणाही असावा. पिल्लाच्या अंगात गरजेपेक्षा जास्त लोह ओतले तर आपण जंतूंची सोय करतो.

तिसरा मुद्दा या शतकातला. २००० च्या सुमारास हेप्सिडिन नावाच्या संप्रेरकाचा शोध लागला. यकृत ते स्रवते. अंगात लोह वाढले की हेप्सिडिन वाढते आणि ते आतड्यातून लोह आत येण्याची, तसेच भक्षक पेशींमधून ते बाहेर पडण्याची वाट बंद करते. वॉर्सातल्या पावेल लिपिन्स्की यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवले, की पिल्लाला पहिल्याच आठवड्यात मोठा डोस एकदम दिला तर हेप्सिडिन उसळते, आणि दिलेले लोह साठ्यातच अडकून पडते. त्याऐवजी कमी लोह दोन हप्त्यांत विभागून दिले, तर रक्त पुरेसे सुधारते आणि अपायाची शक्यता कमी होते. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली: नवजात पिल्लाच्या आतड्यात लोह आत ओढणारी प्रथिने सुरुवातीला फारच कमी असतात, आणि पुढच्या दिवसांत वाढतात. तोंडावाटे दिलेले लोह पहिल्या दिवसांत का वाया जाते, याचे उत्तर त्यात आहे.

विज्ञान म्हणून हे नीट बसते. पण हजार डुकरिणींच्या शेडमध्ये एक टोचणी दोन करायच्या म्हणजे काय, याचा विचार करा. हजारो पिल्ले पुन्हा पकडायची, पुन्हा किंचाळ्या, पुन्हा सुईच्या जखमा, आणि माणसांचे तास. म्हणून बहुतेक ठिकाणी अजून "२०० मिलिग्रॅम, एकदाच" हाच नियम चालतो. हा नियम ठरला तेव्हाची पिल्ले आजच्याइतक्या वेगाने वाढत नव्हती.

आणि नेमके तेच आता अंगाशी येते आहे. उत्तर अमेरिका आणि डेन्मार्कमधल्या पाहण्यांत गेल्या काही वर्षांत दिसले, की सुई मिळालेली पिल्लेही दूध तोडण्याच्या वेळी लोहाला कमी पडतात, आणि त्यात पुन्हा मोठी पिल्लेच पुढे असतात. साधारणपणे १०० मिलिलिटरमागे ११ ग्रॅम हिमोग्लोबिन असेल तर ठीक, ९ ते ११ म्हणजे लोह कमी, आणि ९ च्या खाली अ‍ॅनिमिया असे धरतात. सात-आठ किलोंच्या गुटगुटीत पिल्लाचा आकडा मधल्या पट्टीत येतो. त्याच्या शेजारच्या पाच किलोंच्या भावाचा मात्र उत्तम. डोस सगळ्यांना सारखाच दिला होता ना! असे पिल्लू मरत नाही, आजारी दिसतही नाही. फक्त आईपासून तोडल्यानंतरच्या कठीण आठवड्यांत त्याची वाढ मंदावते. तोटा दिसत नाही म्हणून कुणी शोधत नाही.

बाहेरची पिल्ले

इंग्लंडमध्ये ए-११ रस्त्याने नॉरिचकडे जाताना उघड्या माळावर अर्धगोल पत्र्याच्या झोपड्यांच्या रांगा दिसतात. त्या डुकरिणींच्या. ब्रिटनमधल्या सुमारे ४० टक्के डुकरिणी अशा बाहेर वितात, मुख्यतः नॉरफक-सफकच्या रेताड, पाणी न साचणाऱ्या जमिनीवर. अशा कळपांत कित्येक शेतकरी लोहाची सुई देतच नाहीत. पिल्ले मातीत असतातच. पण त्यावरही अभ्यासांचे एकमत नाही. काही ठिकाणी बाहेरच्या पिल्लांनाही सुईने फायदा झाला. रेताड मातीत लोह कमी असते, कडाक्याच्या थंडीत पिल्ले पेंढ्यातून बाहेर पडत नाहीत, आणि जात तीच, वेगाने वाढणारी. माती परत दिली तरी चार-सहा पिल्लांची रानडुकरीण परत येत नाही.

भारतात चित्र वेगळे आहे. देशातली बरीच डुकरे ईशान्येकडे आहेत, एकट्या आसामात सर्वांत जास्त. गोव्यात परसात हिंडणाऱ्या डुकरांची परंपरा जुनी असून तिथल्या 'आगोंदा गोअन' या स्थानिक जातीची राष्ट्रीय पातळीवर नोंदही झाली आहे. परसातल्या पिल्लाला लोहाची चिंता करावी लागत नाही, त्याची संकटे वेगळी असतात. पण ईशान्येत पावसाळी भागांमध्ये डुकरांना जमिनीपासून उंच, बांबूच्या मचाणावर ठेवण्याची पद्धत आहे. पिल्लू तिथे वाढले तर त्यालाही माती मिळत नाही. त्यात संकरित, भरभर वाढणारी जात आणली तर डेन्मार्कच्या शेडमधला प्रश्न बांबूच्या मचाणावरही तसाच उभा राहतो. जात सुधारण्याच्या योजनेसोबत ही बाटलीही पोचावी लागते, किंवा निदान रोज एक स्वच्छ ढेकूळ तरी.

सध्या शेडमध्ये एक नवी वस्तू दिसू लागली आहे: रक्तदान शिबिरात बोट टोचून हिमोग्लोबिन तपासतात तसले हातात मावणारे यंत्र. प्रत्येक पिल्लू तपासणे शक्य नसते. म्हणून दूध तोडण्याच्या दिवशी दहा-वीस वेतांतून एक-एक पिल्लू घ्यायचे, कानाच्या शिरेतला थेंब पट्टीवर घ्यायचा आणि आकडा लिहून ठेवायचा. ज्यांना निवडायचे ती लहान आणि मरतुकडी पिल्ले नव्हेत. वेतातले सगळ्यात मोठे पिल्लू उचलायचे.